वैज्ञानिक संस्थेची दूरस्थ व्याख्यानमाला : प्रस्ताव व संयोजन

विज्ञानविषयक संस्थेने व्याख्यान योजावे, ही प्रथा महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थी व अध्यापक यांनी जी साहित्य व विज्ञानविषयक सभा स्थापन केली, तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा होय. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. सभेत निबंध वाचावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि १८५० पासून निघू लागलेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकातून असे लेखन वाचकांपुढे ठेवावयाचे, अशी या मंडळींची रीत होती. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ १८७५ चा. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. या सर्व उपक्रमांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की, वक्ता व श्रोता एका छपराखाली बसतील.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हे गृहीत एकाएकी नाहीसे झाले. सभागृहाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, आणि ‘वेबिनार’ हा शब्द महाविद्यालयांच्या परिपत्रकांत रुळला. त्या वर्षी वेबिनारांचे जे उदंड पीक आले त्याचे स्मरण प्राध्यापकवर्गाला अद्याप असेल. पुष्कळ ठिकाणी व्याख्यान हे निमित्त होते व शेवटी भरावयाचा अभिप्रायाचा फॉर्म आणि त्यानंतर येणारे प्रमाणपत्र हेच साध्य होते. या अनुभवामुळे दूरस्थ व्याख्यानाविषयी विद्वानांच्या मनात जी अढी बसली ती निराधार म्हणता येणार नाही. परंतु तो दोष साधनाचा नसून प्रयोजनाच्या अभावाचा होता.

आता सभागृहे पूर्ववत् उघडली असताना या प्रकाराची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीत विचारला जाईल व तो विचारला गेलाच पाहिजे. मराठवाड्यापुरते त्याचे उत्तर भूगोलात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे येतात. धाराशिवच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य परिसरातील सायंकालीन व्याख्यानास यावयाचे झाल्यास दोनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास व एका रात्रीचा मुक्काम पडतो. छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या विज्ञानसंस्थेने गेली कित्येक वर्षे उत्तम व्याख्याने घडवून आणली असली तरी त्यांचा लाभ शहरापुरताच राहिला असेल, तर त्याचे कारण या अंतरात शोधावे लागते.

तथापि अंतर नाहीसे झाले की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती अधिक गंभीर आहे. ज्या पडद्यावर स्थानिक संस्थेचे व्याख्यान दिसते त्याच पडद्यावर जगातील कोणत्याही नामांकित शास्त्रज्ञाचे व्याख्यान, तेही विनामूल्य, उपलब्ध असते. मग गेवराईच्या किंवा भोकरदनच्या विद्यार्थ्याने स्थानिक संस्थेकडे का वळावे? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल तर प्रस्ताव मांडूच नये. उत्तर दोन प्रकारचे संभवते : विषय आपल्या भूमीचा असणे, आणि श्रोत्याला आपल्या भाषेत प्रश्न विचारून त्याचे उत्तर मिळणे.

विषयाचे उदाहरण म्हणून लोणार घ्यावे. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दृढपणे प्रस्थापित झाले. परंतु ते केव्हा निर्माण झाले? आघातात वितळून बनलेल्या काचेवर तापदीप्ती पद्धती वापरून काढलेले वय सुमारे ५२ हजार वर्षे येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दाखविले. एकाच विवराच्या दोन वयांत दहापटीहून अधिक अंतर पडावे, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवून जाते. तापदीप्तीचे घड्याळ स्फटिकात वा काचेत अडकून राहिलेल्या इलेक्ट्रॉनांवर चालते. ही साठवण कालांतराने भरून जाते किंवा गळते, आणि तसे झाल्यास वय खऱ्यापेक्षा कमी भरते. आर्गॉनच्या घड्याळाची अडचण उलट आहे. मूळ बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. आघाताच्या वेळी त्यातील जुना आर्गॉन पुरता निसटला नसेल तर वय खऱ्यापेक्षा अधिक भरेल. हा वाद एका व्याख्यानात एका पक्षाकडून ऐकण्याऐवजी दोन व्याख्यानांत दोन्ही पद्धती जाणणाऱ्यांकडून ऐकावा आणि तिसऱ्या सत्रात केवळ प्रश्नोत्तरे ठेवावीत, अशी योजना करता येते. त्याच मालेत सरोवराच्या क्षारयुक्त पाण्यातील सूक्ष्मजीव आणि जून २०२० मध्ये पाण्याला आलेला गुलाबी रंग हा विषय अपरिहार्यपणे येईल; तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांतील रंगद्रव्याचा, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा संरक्षणाचा प्रश्नही ओघानेच आला.

या उदाहरणावरून प्रस्तावाचे स्वरूप स्पष्ट होईल. प्रस्तावाच्या आरंभी वक्त्यांची नामावली नसावी, प्रश्न असावा. ‘विज्ञानातील नवे प्रवाह’ यासारख्या व्यापक शीर्षकाखाली सहा मान्यवरांना एकत्र आणणे सोपे असते. पण अशा मालेतील दुसरे व्याख्यान ऐकण्याचे कारण पहिल्या व्याख्यानात मिळत नाही, आणि श्रोते तिसऱ्यापासून गळू लागतात. कार्यकारिणीला याखेरीज जे हवे असते ते थोडके आहे : व्याख्यानांची संख्या, पंधरवड्याचा ठरावीक वार व वेळ, खर्चाचा अंदाज, आणि कामाची जबाबदारी कोणाकोणावर हे नावानिशी. सहापेक्षा अधिक व्याख्यानांचा संकल्प पहिल्याच वर्षी करू नये.

भाषेचा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. विषयाचा जाणकार वक्ता पुष्कळदा मराठी भाषक असूनही त्या विषयावर मराठीत कधी बोललेला नसतो. त्याला ‘शुद्ध मराठीत बोला’ अशी अट घातली तर तो संकोचतो किंवा नकार देतो. मोकळे सोडले तर क्रियापदांखेरीज सारे इंग्रजीत होते. यावर एक साधा उपाय आहे. संयोजकाने वक्त्याकडून व्याख्यानाचा सारांश आठवडाभर आधी मागवावा, त्यातील वीस-पंचवीस संज्ञा निवडाव्यात, भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांच्या साहाय्याने त्यांचे मराठी पर्याय लावावेत आणि ते पान वक्ता व नोंदणी केलेले श्रोते या दोघांनाही आगाऊ पाठवावे. जेथे कोशातील शब्द बोजड वाटेल तेथे रूढ इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावा. ‘आर्गॉन’ला पर्याय शोधीत बसण्याचे कारण नाही. विद्यार्थी प्रश्न विचारावयास कचरतो याचे मोठे कारण हे असते की, प्रश्न मनात असतो पण त्यासाठी शब्द हाताशी नसतो.

प्रश्नोत्तरांचा भाग हा अशा मालेचा प्राण असूनही सर्वांत जास्त काटछाट त्याचीच होते. स्वागत, परिचय व प्रास्ताविक यांत वीस मिनिटे जातात, वक्ता दहा मिनिटे अधिक घेतो, आणि शेवटी ‘वेळेअभावी दोनच प्रश्न’ अशी घोषणा होते. चाळीस मिनिटे व्याख्यान व तीस मिनिटे प्रश्न हे प्रमाण निमंत्रणपत्रातच लिहून द्यावे. वक्त्याचा परिचय लेखी स्वरूपात आधी पाठवावा. तो वाचून दाखविण्याची गरज नाही. प्रश्न लेखी मागविल्यास मागच्या बाकावरचा विद्यार्थीही विचारतो, हा दूरस्थ पद्धतीचा खरा लाभ आहे. मात्र ते प्रश्न निवडून मांडणारी व्यक्ती त्या विषयाची जाणकार हवी.

परदेशस्थ वक्ता बोलवावयाचा झाल्यास घड्याळाचा हिशेब चुकू देऊ नये. भारतात सायंकाळचे सात वाजतात तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचा दीड व उन्हाळ्यात अडीच वाजलेला असतो. तेथील घड्याळे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतील निराळ्या तारखांना; सप्टेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालणाऱ्या मालेत हा बदल मध्येच येतो.

परवानगीच्या बाबतीत एक अलीकडचा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने असा आदेश काढला की, शासकीय संस्था व सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठे यांनी आंतरराष्ट्रीय स्वरूपाची दूरस्थ परिषद वा परिसंवाद घेण्यापूर्वी संबंधित मंत्रालयाची मान्यता घ्यावी. देशाची सुरक्षा, सीमा अथवा ‘अंतर्गत बाबी’ यांच्याशी निगडित विषयांवर निर्बंध होते. देशातील विज्ञान अकादमींनी यास हरकत घेतली. ‘अंतर्गत बाबी’ म्हणजे काय याची व्याख्या नसल्याने नित्याचे शास्त्रीय व्याख्यानही अडेल, हा त्यांचा आक्षेप होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेण्यात आला. स्वतंत्र संस्थेला असे बंधन सहसा लागू होत नाही. परंतु विद्यापीठाचा विभाग सहआयोजक असेल तर मान्यता कोणी घ्यावयाची हे प्रस्तावातच नमूद असावे, अन्यथा आमंत्रणे गेल्यावर धावपळ होते.

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात. झूमच्या विनामूल्य योजनेतील बैठक ४० मिनिटांनंतर बंद पडते व तीत १०० जणच येऊ शकतात. तेव्हा किमान मालेच्या काळापुरती वर्गणी भरावी किंवा विद्यापीठाची सोय वापरावी. साध्या बैठकीत कोणीही ध्वनी सुरू करून व्यत्यय आणू शकतो, आणि २०२० मध्ये असे उपद्रव जगभर झाले. वेबिनार या प्रकारात ही मुभा संयोजकाकडे राहते. खेड्यातील श्रोता मोबाइलवरच ऐकतो आणि त्याचा दिवसाचा डेटा मर्यादित असतो, म्हणून आकृत्या ठळक व अक्षरे मोठी असावीत, व नुसते ऐकूनही व्याख्यान समजेल अशी विनंती वक्त्यास करावी. वीज जाणे हा अपवाद मानू नये. सत्राची सूत्रे दोन निरनिराळ्या ठिकाणच्या दोघांकडे असावीत आणि वक्त्याच्या आकृत्यांची प्रत दोघांजवळ असावी.

ध्वनिचित्रमुद्रण यूट्यूबवर ठेवण्यापूर्वी वक्त्याची लेखी संमती घ्यावी. अप्रकाशित निष्कर्ष दाखविले असतील तर तेवढा भाग वगळावा. मुद्रण मात्र क्वचितच कोणी पुन्हा अखेरपर्यंत पाहतो. त्याहून अधिक उपयोगी पडते ती प्रश्नोत्तरांची लेखी नोंद. ज्या प्रश्नांना वेळ पुरला नाही त्यांची उत्तरे वक्त्याकडून पंधरा दिवसांत मागवून, संज्ञांच्या पानासह ती संस्थेच्या पत्रिकेत छापावीत. सहा व्याख्यानांच्या अखेरीस अशी सहा टिपणे हाती असतील, तर पुढील वर्षीचा प्रस्ताव त्यांतील अनुत्तरित प्रश्नांवरून लिहिता येतो.