द्विघाती बहुपदींची अविभाज्य मूल्ये

चलाचा सर्वांत मोठा घात २ असलेल्या पूर्णांकी बहुपदीत १, २, ३,... या संख्या क्रमाने घातल्या असता येणाऱ्या मूल्यांपैकी किती अविभाज्य असतात, हा संख्या सिद्धांतातील एक न सुटलेला प्रश्न आहे. अ व ब यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसल्यास अ × क्ष + ब या एकघाती रूपात अनंत अविभाज्य संख्या असतात, असे पी. जी. एल. डीरिक्ले यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. द्विघाती बहुपदींपैकी मात्र एकीविषयीही असे सिद्ध झालेले नाही.

लेओनार्ट ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिलेल्या क्ष² − क्ष + ४१ या बहुपदीची क्ष = १ ते ४० साठीची सर्व मूल्ये अविभाज्य आहेत. ४१ पेक्षा लहान कोणत्याही अविभाज्य संख्येने तिच्या मूल्यास भाग जात नाही व ही ४० मूल्ये ४१² पेक्षा लहान आहेत, हे त्याचे कारण होय. क्ष = ४१ असता मूल्य ४१² येते व क्रम तुटतो.

क्ष² + १ या बहुपदीच्या मूल्यांस ३, ७, ११ यांसारख्या, ४ ने भागल्यास ३ बाकी उरणाऱ्या अविभाज्य संख्यांनी कधीच भाग जात नाही ५, १३, १७ यांसारख्या, १ बाकी उरणाऱ्या संख्यांनी मात्र प्रत्येक आवर्तनात दोनदा जातो. अशा सर्व परिणामांचा गुणाकार करून जी. एच. हार्डी व जे. ई. लिटलवुड यांनी १९२३ मध्ये अविभाज्य मूल्यांच्या संख्येविषयी अटकळ मांडली. तीनुसार क्ष = १,००० पर्यंत सुमारे १२१ अविभाज्य मूल्ये अपेक्षित आहेत प्रत्यक्षात ती ११२ आहेत.

सिद्धतेसाठी एराटॉस्थीनीझ यांच्या चाळणीची सुधारित रूपे वापरतात. मुंबईत कुलाबा येथील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेच्या व्याख्यानमालेत एच. ई. रिखर्ट (१९७६) व योइची मोतोहाशी (१९८३) यांची या पद्धतींवरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अविभाज्य अवयव सम आहेत की विषम, हे केवळ चाळणीने ठरविता येत नाही. त्यामुळे हेन्रिक इवान्येत्स यांना १९७८ मध्ये एवढेच सिद्ध करता आले की, जास्तीत जास्त दोन अविभाज्य अवयव असलेली क्ष² + १ ची मूल्ये अनंत आहेत. जॉन फ्रीडलँडर व इवान्येत्स यांनी १९९८ मध्ये ही अडचण अ² + ब⁴ या दोन चलांच्या रूपापुरती दूर केली एका चलाच्या द्विघाती बहुपदीसाठी ती कायम आहे.