खोक्यात कोंडलेली आगगाडी

जुन्या खेळण्यांच्या लिलावात मॉडेल रेल्वेची किंमत बरीचशी खोक्यावरून ठरते. मूळ पुठ्ठ्याचा खोका, आतला कागद, न उघडलेलं पाकीट असं सगळं शाबूत असेल तर बोली चढते. म्हणून संग्राहक खोकी बंद ठेवतात, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतात. पत्र्याच्या गाड्यांना ही रीत मानवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये निघालेल्या पहिल्या प्लॅस्टिक गाड्यांच्या बाबतीत मात्र ती घातक आहे. रोव्हेक्स या कंपनीने १९५० सालच्या नाताळासाठी मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांना ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ इंजिनाची गाडी पुरवली. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने रोव्हेक्स विकत घेतली आणि १९५२ पासून या गाड्या ‘ट्राय-अँग रेल्वेज’ या नावाने घराघरांत गेल्या. सुरुवातीच्या या इंजिनांचे आणि डब्यांचे सांगाडे सेल्युलोज ॲसिटेटचे होते. त्यांतल्या कितीतरी डब्यांच्या बाजू आज वाकल्या आहेत, छपरं आक्रसली आहेत. उलट १९५९ मध्ये किटमास्टरने काढलेली पॉलिस्टायरीनची इंजिनं अजून सरळ उभी आहेत. दोन्हींच्या वयात जेमतेम दहा वर्षांचा फरक आहे, तेव्हा दोष म्हातारपणाला देता येत नाही.

फरक आहे तो रेणूच्या घडणीत. ॲसिटेट म्हणजे कापसातलं किंवा लाकडातलं सेल्युलोज, त्याला एस्टर बंधांनी जोडलेले ॲसिटाइल गट. हवेतली आर्द्रता हे बंध तोडते. बंध तुटला की ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, मोकळं होतं आणि ते पुढचे बंध तोडायला मदत करतं. दुधाला विरजण लागावं तशी ही गत: एकदा सुरुवात झाली की पुढचं काम आंबटपणाच करतो. याच काळात प्लॅस्टिक लवचीक ठेवण्यासाठी घातलेला प्लॅस्टिसायझर बाहेर झिरपत जातो आणि वस्तू आकसते. जाड-पातळ भाग सारखे आकसत नाहीत, म्हणून डबा नुसता लहान न होता वाकतो. पॉलिस्टायरीनचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो, त्यात पाण्याला तोडण्यासारखं काही सापडत नाही. आता बंद खोक्याचा विचार करा. सुटलेलं आम्ल हवेबरोबर निघून गेलं असतं, ते तिथेच कोंडतं आणि क्रियेचा वेग वाढवतं. त्याच वाफा गाडीच्या धातूच्या भागांनाही गंजवतात.

उष्ण-दमट हवेत हे किती झपाट्याने होतं, याचा पहिला धडा भारतातूनच मिळाला. कोडॅकने १९४८ मध्ये ट्रायॲसिटेटची, म्हणजे ॲसिटेटच्याच एका प्रकाराची, चित्रपटाची फिल्म आणली, आणि दहा वर्षांच्या आत ती खराब होत असल्याची पहिली तक्रार भारत सरकारकडून आली. व्हिनेगरचा तोच आंबट वास पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना जुन्या रिळांमध्ये आजही झुंजवतो. मुंबईत किंवा कोकणात कुणी अशी गाडी जपत असेल, तर इंग्लंडातल्या संग्राहकाहून त्याला जास्त जागरूक राहावं लागेल.

ॲसिटेटला नावं ठेवण्याआधी ते घडवणाऱ्या आर्थर आयशेनग्र्यून यांची आठवण ठेवायलाच हवी. आग भडकवणाऱ्या सेल्युलॉइडला सुरक्षित पर्याय म्हणून त्यांनी थिओडोर बेकर यांच्याबरोबर १९०३ मध्ये विरघळू शकणारं ॲसिटेट तयार केलं. पुढे १९१९ मध्ये ते साच्यात दाबून वस्तू घडवण्याचं यंत्रही विकसित केलं. आजची प्रत्येक प्लॅस्टिक आगगाडी, पॉलिस्टायरीनची धरून, या इंजेक्शन मोल्डिंगची ऋणी आहे. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्यांना १९४४ मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत टाकलं. तिथून ते वाचले. ॲस्पिरिन आपल्या देखरेखीखाली तयार झालं, असं त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडलं आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. बायर कंपनीला हा दावा मान्य नाही. ॲस्पिरिनचं काहीही असो, प्लॅस्टिकमधल्या त्यांच्या कामाबद्दल वाद नाही, तरी खेळण्यांच्या इतिहासात त्यांचं नाव क्वचितच येतं. मुलांच्या हातात सहज पेट न घेणारी वस्तू जावी, हे मोठंच काम होतं. सत्तर वर्षांनंतरच्या संग्राहकाची काळजी तेव्हा कुणी करावी?

खोका उघडला तर उजेड आणि धूळ लागणार, हा आक्षेप खरा आहे. पॉलिस्टायरीन अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. त्याला अंधारच हवा. पीव्हीसीच्या वायरी तर पॉलिस्टायरीनला टेकून ठेवूच नयेत, कारण त्यांतला प्लॅस्टिसायझर त्याच्यात शिरून पृष्ठभाग मऊ करतो. पण यावरून सरसकट बंद खोक्याचं समर्थन होत नाही. प्रत्येक प्लॅस्टिकला वेगळी वागणूक लागते, एवढंच त्यातून निघतं. ॲसिटेटची गाडी अंधाऱ्या, थंड, कोरड्या पण हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवता येते, आणि खोका शेजारी वेगळा जपता येतो. खोका वेगळा केल्याने किंमत घटेल, अशी भीती बाजाराला वाटते. पण वाकलेल्या डब्याची किंमत त्याहून जास्त घटते, आणि न उघडलेल्या पाकिटात डबा सरळ आहे की नाही हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. चित्रपट संग्रहालयांत आम्ल ओळखायला कागदी पट्ट्या वापरतात. आम्ल वाढेल तसा त्यांचा निळा रंग हिरवा आणि मग पिवळा होत जातो. अशी एक पट्टी गाडीशेजारी दिवसभर ठेवून तिचा रंग लिलावाच्या वर्णनात छापणं सहज शक्य आहे. खोक्याच्या अवस्थेची नोंद होते, तशी ही नोंदही व्हायला हवी.