अबाजीच्या बायकोचं माहेर

पनवेलला 1849 सालचं 'बेथ एल' सिनेगॉग आहे. रायगडच्या किनाऱ्यावर घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'चं, म्हणजे बेने इस्रायलींचं. त्यांच्यातलं कुणी पणजोबा शोधायला निघालं की आडनाव वाट दाखवतं: पेणकर, रोहेकर, नवगावकर. गाव सापडतं, आणि मग नाव अडवतं. अब्राहमचा झाला अबाजी, सॅम्युएलचा समाजी. जुन्या दप्तरातला अबाजी मराठा, कुणबी की ज्यू, हे नुसत्या नावावरून कसं ओळखणार? थडग्यावरच्या मराठी-हिब्रू अक्षरांशी ताळा घालत मागे जावं लागतं. त्याही मागे उरते ती कथा: नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या.

तिथून पुढचं दप्तर म्हणजे आपलं शरीर. नवी मुंबईतल्या कुठल्याही जुन्या गावाचा सातबारा आठवा. आजोबांचं सलग खाचर मुलांत वाटलं, मग नातवांत. सर्व्हे नंबरापुढे हिस्से वाढत गेले. तुकडा जितका लहान, तितक्या वाटण्या जास्त झालेल्या. गुणसूत्रांचंही तसंच. दोन वेगळ्या वंशांची गुणसूत्रं एका देहात आली की पुढे दर पिढीत त्यांची अदलाबदल होते आणि सलग पट्टे तुटत जातात. पट्ट्यांची लांबी मोजून पिढ्या काढता येतात. 18 बेने इस्रायलींच्या जनुकांवरचा असा अभ्यास 2016 मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. ज्यू आणि भारतीय वंशांची मिसळण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची निघाली. हा गलबत फुटल्याचा काळ नव्हे, सोयरीक झाल्याचा.

मला त्यातला एक्स गुणसूत्राचा भाग सर्वात मोलाचा वाटतो. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एक. म्हणून त्यावर आयांचा ठसा अधिक. तिथे भारतीय वाटा जास्त दिसला. म्हणजे या समाजाच्या आद्य आया बहुतेक इथल्याच होत्या. कथेत त्या नाहीत, कागदावरही नाहीत.

ब्रिटिशांनी 1755 पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकावलेल्या अकेडियन लोकांचं नशीब इथे वेगळं. ग्राँ-प्रे गावच्या चर्चच्या वह्या निर्वासितांनी लुइझियानापर्यंत जपून नेल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असे, त्यामुळे आजीच्या आजीपर्यंतही पोचता येतं. आपल्या अबाजीची बायको मात्र फक्त त्या एक्सच्या तुकड्यात आहे, नावाशिवाय.