होतकरू टेनिसपटू आणि दुहेरीचा खेळ

टेनिस हाच पुढे व्यवसाय करावा अशी आकांक्षा बाळगणाऱ्या मुलामुलींचे पालक क्रीडाशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : एकेरीबरोबर दुहेरीतही उतरावे काय? दुहेरीमुळे शक्ती विभागली जाते, असा समज त्यामागे असतो. तो अर्धाच खरा आहे.

एकेरीचे मैदान २७ फूट रुंद, तर दुहेरीचे ३६ फूट. सर्व्हिसचा चौकोन मात्र तोच. दुहेरीत सर्व्हिस करणाराचा जोडीदार जाळ्यापाशी टपून उभा असतो. परतविलेला चेंडू किंचित उंच आला की त्याचे फावते. साहजिकच चेंडू तिरका व जाळ्यालगत परतविण्याची सवय जडते. दुसरी सर्व्हिस दुबळी असून चालत नाही, आणि व्हॉलीचा सराव तर आपोआपच घडतो. अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो दोन्ही प्रकारांत जगात पहिल्या क्रमांकावर होता. मागील रेषेवरून तासन्‌तास खेळण्याचा दमसास मात्र दुहेरीतून लाभत नाही. तो एकेरीतच कमवावा लागतो.

खरा प्रश्न पैशाचा आहे. अगदी खालच्या पायरीवरील पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सर्व खेळाडूंत मिळून वाटली जाणारी रक्कम अवघी १५,००० डॉलर असते. प्रवास व निवास यांचा भार बहुधा कुटुंबावर पडतो. एकेरीत पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलाचा सारा आठवडा वाया जातो. दुहेरीत नाव असेल तर त्याच खर्चात आणखी सामने पदरी पडतात. पण दुहेरीचे गुण एकेरीच्या मानांकनात धरले जात नाहीत, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

आपल्या देशाचे यश बहुतांशी दुहेरीतीलच. १९९९ साली लिअँडर पेस व महेश भूपती यांनी फ्रेंच व विम्बल्डन या दोन्ही स्पर्धांत पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. तथापि याच पेसने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक जिंकले होते. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. पुढे दुखापतींमुळे तिने एकेरी सोडली आणि २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. म्हणजे दुहेरीकडे वळणे हा उत्तरार्धातील निर्णय होता. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच एकेरी सोडून देणे, हे आमच्या मते घाईचे ठरेल.

आणखी एक वाट अमेरिकेतील विद्यापीठांची. तेथील सांघिक लढतींत सहा एकेरी व तीन दुहेरी सामने असतात. त्यामुळे दोन्ही खेळणाऱ्या विद्यार्थ्याला संघात मागणी असते. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले अशाच एका विद्यापीठाच्या संघातून खेळली. २०२३ साली हांगझौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत तिने रोहन बोपण्णासमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले.