नाकाच्या आंतील अस्तर कसें भरून येतें

अंगावरील जखम डोळ्यांना दिसते. तिच्यावर खपली धरली, ती गळली, कीं मनुष्य निश्चिंत होतो. नाकाच्या आंतील जखमेचें तसें नाहीं. ती दिसत नाहीं, आणि तिच्यावरची खपली ही बरेपणाची खूण नसून पुष्कळ वेळां अडथळाच असते.

नाकाच्या पोकळीस आंतून ओलसर, तांबूस, रक्तवाहिन्यांनीं भरलेलें अस्तर असतें. त्यावर केसांहून कितीतरी सूक्ष्म असे तंतू दाटीनें उभे असून ते सेकंदास 10 ते 15 वेळां एकाच दिशेनें हलतात. वाऱ्यानें डोलणारें जोंधळ्याचें शेत डोळ्यांपुढें आणावें. या हालचालीनें शेंबडाचा पातळ थर, त्यांत अडकलेल्या धुळीसह, मिनिटास सुमारें 5 मिलिमीटर वेगानें घशाकडे सरकत राहतो.

मार लागून अथवा शस्त्रक्रियेनें हें अस्तर खरवडलें गेलें, कीं प्रथम तेथें रक्त साखळतें. मग जखमेच्या कडांवरील निरोगी पेशी चपट्या होऊन उघड्या जागेवर पसरूं लागतात. जागा ओली असल्यास त्या सुखानें सरकतात. वाळून कडक झाली असल्यास त्यांना खपलीखालून वाट काढावी लागते. म्हणून बोट घालून खपली उपटणारा मनुष्य तिच्याबरोबर नवें कोवळें अस्तरही उपटीत असतो. ही खोड लहानांचीच असते असें नाहीं! वरचा थर लवकर जुळला, तरी तंतू पुन्हां उगवून एका दिशेनें हलूं लागण्यास कित्येक आठवडे, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिनेही लागतात. तोंवर शेंबूड साचतो, नाक चोंदलेलें वाटतें. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असें समजूं नये.

समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा एकमेकींस टेकल्या, तर त्या चिकटून श्वासाची वाट अडते. पुण्याकडील जुन्या कारागिरांस हें ठाऊक असावें. इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाचा बैल हांकणारा 1792 च्या लढाईंत टिपूच्या हातीं सांपडला. तेथें त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्यानजीक एका वीटकरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'नें ऑक्टोबर 1794 मध्यें ही हकीगत छापली. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालून त्या मोकळ्या ठेवीत, असें तींत नमूद आहे. आजचे शस्त्रवैद्य मधल्या पडद्याच्या दोहों बाजूंस पातळ पट्ट्या बसवितात, त्यांतही एक हेतु हाच.

या पडद्यांतील कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिचें पोषण दोहों बाजूंच्या अस्तरांतून होतें. समोरासमोर दोन्हीकडे अस्तर फाटल्यास पडद्यास भोंक पडूं शकतें. तसेंच नाकावर चेंडू बसून अस्तराखालीं रक्त साचलें व नाकपुड्या बंद झाल्या, तर सूज उतरण्याची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. उशीर झाल्यास कूर्चा कांहीं दिवसांतच मरते व नाकाचा दांडा खचतो.

बाकी उपाय साधे आहेत. डॉक्टरांच्या संमतीनें, उकळून निवविलेल्या पाव लिटर पाण्यांत अर्धा चहाचा चमचा मीठ घालून नाक धुवावें. नेति करणारांस ही रीत नवी नाहीं. कच्चें पाणी मात्र कदापि घेऊं नये. त्यांतील एका जातीचा अमीबा नाकावाटें मेंदूंत शिरून प्राण गेल्याचीं उदाहरणें आहेत. पहिले एक-दोन आठवडे नाक जोरानें शिंकरूं नये, शिंक आल्यास ती तोंड उघडें ठेवून येऊं द्यावी, आणि विडी व तपकीर यांस रजा द्यावी. तपकिरीची डबी उशाशीं ठेवून नाक कोरडें पडल्याची तक्रार करणारे वृद्ध गांवोगांव आढळतात. त्यांच्या घरच्यांनीं ती डबी कांहीं दिवस लपवून ठेवण्यास हरकत नाहीं.