अंगठा लावला, पैसे गेले. आता पहिला फोन कुठे करायचा?

चंद्रपूर/गडचिरोली : धानाचे चुकारे, तेंदूपत्त्याची मजुरी, लाडकी बहीणचे दीड हजार, पीएम किसानचा हप्ता. आता बहुतेक पैसा थेट खात्यात येतो, आणि तो कधी येतो हे गावाइतकंच ठगांनाही ठाऊक असतं. त्यामुळे हप्त्याच्या सुमारास ‘ई-केवायसी करा नाहीतर नाव कटेल’ असे मेसेज सुरू होतात. सोबत व्हॉट्सॲपवर एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. ती मोबाईलमध्ये बसली की येणारे ओटीपी परस्पर ठगाकडे जाऊ शकतात. कोणतंही सरकारी खातं व्हॉट्सॲपवर अशी फाईल पाठवत नाही.

पैसे गेल्याचं कळल्यावर बहुतेक जण आधी घरच्यांना सांगायचं की नाही याचा विचार करतात, मग दुसऱ्या दिवशी बँकेत जातात. इथेच घात होतो. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत फिरते आणि शेवटी एटीएममधून निघते. ती वाटेतच अडवण्यासाठी केंद्र सरकारचा १९३० हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसा ज्या बँकेत पोहोचला असेल तिला लगेच सूचना जाते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम गोठवली जाते. फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. हा क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा फोन-पे, गुगल-पेच्या व्यवहारात दिसतो. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.

भामरागड, एटापल्ली, जिवतीकडे रेंजच नसते, मग फोन कसा लागणार? अशा वेळी जवळचं पोलीस मदत केंद्र गाठावं. गडचिरोलीत दाखले, योजनांच्या अर्जांसाठी लोक तिथल्या दादालोरा खिडकीवर जातातच. ‘गुन्हा आमच्या हद्दीतला नाही’ हे कारणही आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो. गोठवलेली रक्कम परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो, त्यामुळे सगळे कागद सांभाळून ठेवा.

बँकेला लेखी कळवणं हे वेगळं काम, आणि तेही तितकंच महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. सहकारी बँकांनाही असेच नियम आहेत. मात्र ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच; तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ओटीपी दिला असला तरी लाजून गप्प बसू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आपल्याकडे खरी जोखीम अंगठ्याची. आधारवरून पैसे काढताना ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. ‘ठसा लागला नाही, परत ठेवा’ असं कोणी म्हटलं की आधी मशीनवर काय दिसतंय ते वाचायला लावा. पहिला व्यवहार खरंच फसला असेल तर तशी पावती निघते. खात्याला चालू मोबाईल क्रमांक जोडलेला नसेल तर पैसे गेल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. आधारचे ठसे ‘लॉक’ करायचीही सोय आहे, चौकशी १९४७ वर. पण लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. त्यामुळे दर महिन्याला अंगठ्यावर धान्य उचलणाऱ्या कुटुंबाला हा उपाय अडचणीचा. बाहेरगावी नोकरीला असलेल्यांनी तो जरूर करावा.

एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा गाठणारेही असतात. ‘अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी फाईलची फी भरा’ असा फोन येतो. सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थांमधल्या ठेवीदारांसाठी जुलै २०२३ मध्ये केंद्राने परताव्याचं पोर्टल सुरू केलं. त्यावर अर्जाला फी नाही, आणि रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच येते. तरीही कोणी तुमच्या पासबुकाच्या झेरॉक्ससोबत पैसे मागत असेल, तर त्याचा नंबर घेऊन थेट पोलीस ठाण्यात द्या.