प्रिंटरला बोलतं ठेवताना

संगणकाच्या मागे लागणाऱ्या पंचवीस पिनांच्या त्या जाड केबलबद्दल मला आजही आदर वाटतो. सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आणलेली ही पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर ऑफिसाऑफिसांत पोचली. आठ तारांवरून अक्षरं जात, पण उलट दिशेनेही प्रिंटर बोलत असे. दहाव्या पिनेवरून ‘मिळालं’, अकराव्यावरून ‘थांब, कामात आहे’ आणि बाराव्यावरून ‘कागद संपला’.

प्रिंटर नेटवर्कवर गेला आणि मुका झाला.

बर्कलीच्या युनिक्समधली नेटवर्कवरून छापण्याची एलपीडी पद्धत १९९० मध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेट-दस्तऐवजाच्या रूपाने कागदावर आली. ती साधी होती, पण तिच्यात एक विचित्र अट होती: पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ या अकरा पोर्टांपैकीच एक वापरायचा. जोडणी बंद झाली तरी टीसीपीच्या नियमाने तो पोर्ट काही मिनिटं अडकून राहतो. त्यामुळे एकाच प्रिंटरला झटपट अकरा कामं धाडली, की बारावं खोळंबे. पुढे अनेकांनी ही अट सरळ धाब्यावर बसवली, आणि योग्यच केलं.

१९९१ मध्ये प्रिंटर थेट नेटवर्कला जोडणारं एचपीचं जेटडायरेक्ट आलं. पोर्ट ९१०० उघडायचा, बाइट ओतायचे, बंद करायचा. याहून हलकं काही असूच शकत नाही! प्रिंटरला सूचना देण्याच्या पीजेएल भाषेत उलट विचारपूस करता येई, पण उत्तर मिळेल की नाही हे प्रिंटरगणिक बदले. आणि दार सताड उघडं. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो प्रिंटर एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात छापत सुटले, ते याच दारामुळे.

सगळ्यांसाठी एकच पद्धत कोणती, हा खरा वाद १९९६-९७ चा. नॉव्हेल आणि झेरॉक्सचा एक प्रस्ताव, आयबीएमचा दुसरा, मायक्रोसॉफ्ट-एचपीचा तिसरा. त्यांतून इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, घडलं आणि त्याने वाहतुकीसाठी वेबचं एचटीटीपी घेतलं. प्रिंटरमधल्या इवल्याशा मेमरीत वेब सर्व्हर कशाला, ही शंका रास्त होती. पण सेटिंगची पानं दाखवायला बऱ्याच प्रिंटरांत तो तसाही येऊ लागला होता. शिवाय आतला मजकूर आटोपशीर बायनरी ठेवला: एक बाइट प्रकाराचा, दोन लांबीचे, मग नाव, पुन्हा लांबी, मग मूल्य. एप्रिल १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, वेबच्या ८० वर नव्हे, स्वतःच्या ६३१ पोर्टवर.

मला एचटीटीपीची ही निवड आजही बरोबर वाटते. हलकेपणा मोजताना आपण फक्त पाठवणाऱ्याची सोय पाहत होतो. कागद संपल्याचं न कळता रांगेत उभ्या माणसाचा वेळ त्या हिशेबात धरतच नव्हतो. आयपीपीत कागद का अडला, कितवं पान चाललंय, हे विचारण्याची ठरलेली रीत आहे. त्याच पायावर नोव्हेंबर २०१० मध्ये ॲपलचं एअरप्रिंट उभं राहिलं आणि फोन ड्रायव्हरशिवाय थेट प्रिंटरशी बोलू लागला. २०१२ मध्ये तर हाच संवाद यूएसबीच्या तारेवरूनही सुरू झाला.

आणखी एक गोष्ट, मराठी माणसाला जवळची. आयपीपीने पहिल्यापासून प्रत्येक प्रिंटरला यूटीएफ-८ सक्तीचं केलं. एलपीडीत कामाला इंग्रजी नाव द्यावं लागे. इथे ‘पगारपत्रक’ हे नाव काना-मात्रेसकट प्रिंटरपर्यंत जातं.